सातव्या खुंटीची नोंद

धाराशिव जिल्ह्यात जाऊन आले असं म्हटलं की ऐकणारा आधी प्रसाद मागतो. तिकडे गेलेलं माणूस तुळजापूरच्या भवानीचं दर्शन घेतल्याशिवाय परतत नाही, हे आपल्याकडे सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं असतं. मी देवळात गेले नाही. सोलापूर सोडल्यावर तुळजापूरच्या गाड्या एका रस्त्याला लागल्या आणि आमची जीप हैदराबादच्या रस्त्याला. पुढचे पाच दिवस मी लोहारा तालुक्यातल्या एका गावात काढले. खरं तर दोन गावांत. रात्री झोपायला नव्या गावात आणि दिवसभर जुन्या गावात, जिथे आता कुणी राहत नाही. गावाचं नाव लिहीत नाही. माणसांची नावं बदलली आहेत. बाकी जसं घडलं तसं.

मी पुण्यातल्या एका लहान कंपनीत चाचण्यांच्या नोंदी ठेवते. यंत्रं मी बनवत नाही, आणि मला ती फारशी कळतही नाहीत. यंत्र किती वाजता काय म्हणालं आणि त्या वेळी समोर खरोखर काय होतं, हे दोन रकान्यांत शेजारी शेजारी लिहायचं, एवढंच माझं काम. पंचवीस वर्षं तेच करते आहे.

या वेळचं यंत्र सैन्यासाठी होतं. हातभर लांबीची लोखंडी खुंटी जमिनीत ठोकायची. कुणी जवळून चाललं की जमीन हलते, ती हालचाल खुंटी टिपते आणि दूर बसलेल्या जवानाच्या पडद्यावर एक शब्द उमटतो: माणूस, जनावर किंवा वाहन. असं यंत्र सैन्य कुणाच्या सांगण्यावरून घेत नाही. बनवणाऱ्याने आधी ते भट्टीत तापवायचं, गोठवायचं, पाण्यात बुडवायचं, उंचावरून टाकायचं. मग तऱ्हेतऱ्हेच्या जमिनींत लावून पाहायचं. मग सैन्याचा अधिकारी समोर बसून पाहतो. त्यातून पार पडलं तर ते जवानांच्या हातात जातं, आणि जवान कित्येक महिने ते चिखलात, उन्हात वापरून मगच हो किंवा नाही सांगतात. आमची वाळू झाली होती, कोकणातला जांभा झाला होता. राहिली होती काळी जमीन, आणि तीही पोटात दगडगोटे आणि पोकळ्या असलेली. म्हणून ते गाव.

आम्ही तिघं होतो. यंत्राचं डोकं ज्याने लिहिलं तो शैलेश, चाळिशीचा, कमी बोलणारा. सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार साळुंखे, साताऱ्याकडचे, कंपनीचे सल्लागार. आणि मी.

जळकोट

महामार्गावरच्या या गावात चहाला थांबलो. खायला काय आहे विचारलं तर हॉटेलवाला म्हणाला, "सुशीला हाय." मला वाटलं तो बायकोला हाक मारतोय, म्हणून मी आत कुणी येतंय का पाहत राहिले. आली ती भिजवून फोडणी दिलेल्या चुरमुऱ्यांची बशी, वर दाण्याचं कूट. सुभेदार पोटभर हसले. मी गुहागरची, माझ्या गावात या नावाच्या चार बायका आहेत आणि एकही खाण्याची नाही.

हॉटेलवाल्याने जीपमधल्या पेट्या पाहिल्या. "दूध डेअरीचं सामान हाय का?"

"जमिनीतला आवाज ऐकायचं यंत्र आहे," मी म्हणाले.

तो कपबशा विसळत होता, तो थांबला. "मग लोहाऱ्याकडं चाललाव. तिकडं आजूनबी जमीन घुमती मधनंच. पेपरात येतंय, सायब लोक येतेत, काय न्हाय म्हणतेत आन् जातेत." मग आमच्याकडे न बघता म्हणाला, "मुद्दाम कशाला ऐकायची."

नवं गाव

तीस वर्षांपूर्वी पहाटेच्या भूकंपात जुनं गाव कोसळलं. नंतर सरकारने आणि देणगीदारांनी दोन किलोमीटरवर नवं वसवलं. सरळ रेघांचे रुंद रस्ते, एकसारखी घरं, भिंतींवर नंबर. कोकणात घर शोधायचं तर वळणं, पायऱ्या आणि फणसाची झाडं सांगावी लागतात. इथे आकडा पुरे. पण माणसं अजून आकड्यात बोलत नाहीत. "त्ये मारुतीच्या पाराम्होरले," असं ते शेजाऱ्याबद्दल सांगतात, आणि तो पार आता बाभळीच्या रानात आहे.

आमची सोय सुमनच्या घरी होती. सुमन अंगणवाडीत मदतनीस, पस्तिशीची, नवरा उमरग्याला दुकानात कामाला. पहिल्या संध्याकाळी तिने येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याची, आमटी केली, काळपट, झणझणीत, आणि ज्वारीची भाकरी. मी तांदळाच्या मुलखातली. तरी तीन भाकरी खाल्ल्या. माघ संपत आला होता, भोवताली ज्वारीची काढणी चालू होती आणि घरात कडब्याचा वास भरून होता.

घरात एक गोष्ट मला खटकली आणि ती काय हे कळायला रात्र झाली. कुठेच फळी नव्हती. डबे, हंडे, ट्रंका, सगळं जमिनीवर. माणसाच्या डोक्यावर पडेल असं काहीच नाही. आणि दाराला आतून कडी नव्हती.

"चोर न्हाईत का?" सुभेदारांनी विचारलं.

"हैत की," सुमन म्हणाली. "पर कडी काढण्यात जेवढा येळ जातो ना दादा, तेवढाबी न्हाय मिळत."

जुनं गाव

दुसऱ्या दिवशी सकाळी खुंट्या ठोकायला गेलो. दुरून नुसतं वेड्या बाभळीचं रान दिसतं. आत शिरलं की पायाखाली उंचवटे लागतात, ते घरांचे ढिगारे. चांगले दगड लोकांनी नेले, माती तशीच बसली. मधूनच एखादी चौकट उभी, तिच्या मागेपुढे काही नाही. एका ठिकाणी पाटा होता, वरवंट्यासकट. पाखरंही फार नव्हती.

आम्ही बारा खुंट्या ठोकल्या, पहिलीपासून सहावीपर्यंत जुन्या मोठ्या गल्लीने, सातवी बाजूच्या टेकाडावर, आठवी ते बारावी गल्लीच्या दुसऱ्या तोंडाकडे. आम्ही स्वतः बसलो गावाबाहेर, एका लिंबाखाली, पडदा समोर ठेवून. मग सुभेदार चालले. संथ, भरभर, वाकून, पोटावर सरपटत, पाठीवर ओझं घेऊन. सत्तरीला टेकलेला माणूस काट्यांतून सरपटत होता आणि मी सावलीत बसून वेळ लिहीत होते. नंतर एका धनगराची मेंढरं हाकून पाहिली. यंत्राने मेंढरांना जनावर म्हटलं, धनगराला माणूस. शैलेश पहिल्यांदा हसला.

जेवताना मी सुभेदारांना विचारलं, एखादी सूचना चुकली तर एवढं काय बिघडतं?

ते म्हणाले, "आमच्या चौकीवर असंच एक यंत्र होतं. वाऱ्यानं वाजायचं, ससा गेला तरी वाजायचं. आठ दिवस पोरं दर वेळी उठली, बंदुका घेऊन धावली. नवव्या दिवशी कुणीतरी त्याचा आवाज बंद केला. त्याला मी दोष देत नाही, माझ्याच डोळ्यांत झोप होती. त्यानंतर दोन दिवसांनी खरं कुणीतरी आलं." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "माझ्याशेजारी झोपणारा गेला. खोटं बोलणारं यंत्र कुणी फेकून देत नाही म्याडम. नुसतं ऐकायचं सोडून देतात."

चारच्या सुमाराला आम्ही तिघंही लिंबाखाली होतो. मेंढरं गेली होती. पडद्यावर तिसऱ्या खुंटीपुढे शब्द आला: माणूस. मग चौथ्या. मग पाचव्या. मध्ये थांबून, पुन्हा पुढे. बाभळीत काही दिसत नव्हतं, फांदीही हलत नव्हती, आणि जी गल्ली उरलीच नाही तिच्यातून कुणीतरी सावकाश चाललं होतं. सुभेदार उठून गेले. पंधरा मिनिटांनी एका म्हाताऱ्याला घेऊन आले. पांढरा सदरा, धोतर, हातात काठी.

"सुमनचे वडील," सुभेदार म्हणाले. "नागनाथमामा."

ते सुमनच्या भावाकडे राहत, म्हणून आदल्या दिवशी भेटले नव्हते. रोज जुन्या गावात एक फेरी मारायचे. तिसरी खुंटी होती तिथून गल्लीत शिरायचे आणि दुसऱ्या तोंडाने बाहेर पडायचे. मी विचारलं, इथे तुमचं घर कुठे होतं?

"घर एकच हुतं," ते म्हणाले. "पर ह्या गल्लीतली आकरा घरं म्या बांधल्याली. म्या गवंडी हाय."

तेच पुढे बोलत राहिले. "दोन दोन हात रुंद भिंती. दगूड आन् माती. लोक म्हणायचे, नागनाथचं घर म्हंजी किल्ला. किल्लाच पडला की अंगावर. सुमनची आई त्यातच गेली. सुमन चार वर्साची, चौकटीखाली गावली." त्यांनी पेटीकडे बोट केलं. "ह्ये काय करताव तुमी?"

शैलेशने सांगितलं, जवानांच्या हातात देण्याआधी तपासून पाहतो, काय काय झालं तर बिघडेल ते.

नागनाथमामांनी मान हलवली. "आमी घरं बांधली," ते म्हणाले. "तपासली न्हाईत कुणीच."

तिसरा दिवस

सकाळपासून सातवी खुंटी बोलू लागली. दहा वाजून चार मिनिटं, माणूस. दहा वाजून नऊ, माणूस. सुभेदार जाऊन टेकाडावर उभे राहिले. चहूकडे पाहून त्यांनी हात हलवला: कुणी नाही. ते श्वास रोखून निश्चल उभे असतानाही पडद्यावर सातवीपुढे माणूस आला. मी पहिल्या रकान्यात लिहिलं, माणूस. दुसऱ्यात लिहिलं, कुणी नाही. दुपारपर्यंत अशा अकरा ओळी झाल्या. आदल्या दिवशी यातली एकही नव्हती.

जमिनीची हालचाल माणसाला ऐकू येत नाही, पण शैलेशने ती हेडफोनमध्ये ऐकू येईल अशी करून दिली होती. मी ते लावून सातवीजवळ गेले. आधी माझीच पावलं ऐकू आली, किंचित उशिरा, त्यामुळे मागून कुणी येतंय असं वाटत राहिलं. मी थांबले. सगळं शांत झालं. मग खालून दोन ठोके आले. ठक, ठक. आणि थांबणं. बऱ्याच वेळाने पुन्हा दोन. वारा असा वाजत नाही. मी हेडफोन काढले तेव्हा कानाच्या पाळ्या गार पडल्या होत्या, आणि ऊन तर डोक्यावर होतं.

शैलेशने ऐकलं आणि तो चिडला. "खाली पोकळी आहे. उन्हानं दगड तापतो, सरकतो. दुसरं काय असणार?" उद्या पूर्ण तालीम होती आणि परवा सैन्याचे मेजर येणार होते. इतक्या खोट्या सूचना घेऊन त्यांच्यासमोर बसणं म्हणजे दोन वर्षांचं काम बुडणं.

चार वाजता नागनाथमामा आले. मी त्यांना विचारलं, त्या टेकाडाखाली काय आहे? हे मी विचारलं नसतं तर बरं झालं असतं.

"पेवं हैत तिथं," ते म्हणाले. मला शब्द माहीत नव्हता, तेव्हा त्यांनी काठीने मातीत काढून दाखवलं. जमिनीत खणलेली धान्याची कोठारं, तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, खाली पोट रुंद, दोन पुरुष खोल. कडेला कडबा लावून ज्वारी ओतायची, वर शिळा ठेवून मातीने लिंपायचं. दुष्काळात उघडायची. "चार हुती. उघडल्यावर आधी कंदील सोडायचा खाली. इझला तर उतरायचं न्हाय. आता मुजली आसतील."

त्यांनी हेडफोनकडे पाहिलं आणि मी ते त्यांच्या कानांना लावले. त्यांनी डोळे मिटले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. ओठ हलत होते, मोजत असल्यासारखे. मग त्यांनी हेडफोन काढून माझ्या हातात दिले, घडी घातलेलं कापड द्यावं तसे, आणि ते नव्या गावाकडे चालायला लागले. नेहमीची फेरी त्यांनी त्या दिवशी मारली नाही.

संध्याकाळी सुमनने शेंगोळे केले होते. हुलग्याच्या पिठाचे. हुलगा म्हणजे आमचा कुळीथ. आम्ही त्याची पिठी करतो आणि भातावर घेतो, इथे त्याची वेटोळी वळून लसणाच्या रश्शात शिजवतात. लहानपणाची चव परक्या गावात अचानक भेटली की माणूस हळवा होतो, मीही झाले. शैलेश ताट बाजूला सारून संगणकावर बसला होता. झोपण्याआधी त्याने सांगितलं की सातवीला पडद्यावर बोलायची बंदी केली आहे. तिचं टिपणं चालू राहील, पण सूचना येणार नाही. अहवालात लिहू, जमीन सदोष. सुभेदारांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि बोलले काही नाहीत. मी वहीत तसं लिहिलं. मीही काही बोलले नाही.

चौथा दिवस

तालीम उत्तम झाली. नऊच्या आधीच तिसरी, चौथी, पाचवी, सहावी अशी माणसाची सूचना ओळीने आली. नागनाथमामा आज सकाळीच आले, असं मी म्हणाले आणि लिहिलं. नंतर सुभेदारांच्या फेऱ्या सुरू झाल्या. एकही सूचना खोटी नव्हती. शैलेशने जीपमधून चिक्की काढून वाटली.

एकच्या सुमाराला सुमन बांधावरून येताना दिसली. डोक्यावर पदर, भरभर चालत.

"आण्णा हिकडं हैत का?" तिने वडिलांबद्दल विचारलं. "सकाळी भावाकडनं च्याबी न घेता निघाल्यात. माझ्याकडं बी न्हाईत, देवळात बी न्हाईत."

"आले होते," मी म्हणाले. "गेले असतील दुसऱ्या तोंडानं." असं म्हणता म्हणता मी वही उघडली. तिसरी, चौथी, पाचवी, सहावी. त्यापुढे आठवी, नववी हवी होती. नव्हती. सकाळच्या ओळी मी पुन्हा पाहिल्या. आत जाताना माणूस होता आणि बाहेर पडताना नव्हता.

"शैलेश," मी म्हणाले, "सातवी उघड."

त्याने सातवीचं टिपण पडद्यावर लावलं. नऊच्या थोडं आधी काही पावलं टेकाडावर चढली होती. मग एकच मोठा धक्का. आणि त्यानंतर आतापर्यंत, चार तास, ठराविक अंतराने दोन दोन रेघा. दोन ठोके आणि थांबणं.

सुभेदार केव्हाच पळत सुटले होते.

टेकाडावर बाभळीच्या मुळाशी एक शिळा मधोमध मोडून आत गेली होती. भोकातून थंड, कुजट वास येत होता. सुमन पालथी पडून "आण्णा, आण्णा" म्हणत होती आणि खालून काही उत्तर नव्हतं. मी पळत नव्या गावाकडे गेले, वाटेत काढणीवरची माणसं भेटली, त्यांना सांगितलं. दहा मिनिटांत वीसपंचवीस लोक आले, सोल म्हणजे जाड दोर, बाज, कंदील घेऊन. कुणी कुणाला काही सांगत नव्हतं. ढिगाऱ्याखालून माणूस काढायचं त्या पिढीला शिकवावं लागत नाही.

आधी कंदील सोडला. वात बारीक झाली, थरथरली, पण विझली नाही. सुभेदार कमरेला सोल बांधून उतरले. कुणी त्यांना वय विचारलं नाही. खूप वेळाने त्यांचा आवाज आला, "श्वास आहे." बाज उभी करून, सोलांनी बांधून नागनाथमामांना वर काढलं. डोळे मिटलेले, मातीने चेहरा राखाडी, उजवा पाय गुडघ्याखाली भलतीकडे वळलेला. दोन्ही हात छातीवर फडक्याने बांधलेले. सुभेदारांनी बांधले होते, कारण एक मनगट आणि दुसरा खांदा, दोन्ही मोडले होते.

ते मी पाहिलं, पण त्या वेळी त्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला नाही.

उमरगा

पाचव्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात गेले. खाटेजवळ सुमन होती, रात्रभर बसलेली. नागनाथमामा जागे होते. मी त्यांची माफी मागितली. ऐकवायला नको होतं म्हणाले.

"तुमचं काय न्हाय त्यात," ते म्हणाले. "माझं म्या गेलो."

"तुम्ही ठोकत राहिलात म्हणून तरी कळलं. आम्ही ऐकत नव्हतो, तरी ठोकत राहिलात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग सुमनकडे. "म्या कुठं ठोकलं? हात हालत नव्हतं माझं. घशातनं आवाजबी फुटंना." ते म्हणाले. "मला वाटलं, तुमीच ठोकताव वरनं."

सुमनने त्यांच्या अंगावरची चादर उगाच सारखी केली.

मी विचारलं, परवा हेडफोनमध्ये काय ऐकलं होतं?

"दगूड बसवल्यावर गवंडी हातोडीनं दोनदा ठोकतो," ते म्हणाले. "मग थांबतो. ऐकतो. बसला का पोकळ ऱ्हायला ते. तसं हुतं. कुणीतरी भित तपासत हुतं. लई जीव लावून." आणि त्यांनी डोळे मिटले.

मी जुन्या गावात परतले तेव्हा मेजर येऊन बसले होते, बेळगावकडचे, मराठी बोलणारे, तिशीचे. मी शैलेशला आणि सुभेदारांना बाजूला घेऊन सांगितलं. शैलेशने दोन्ही दिवसांची टिपणं एकाखाली एक लावली. ठोक्यांतलं अंतर सारखं होतं. नागनाथमामा पडण्याआधी आणि पडल्यानंतर, काही फरक नव्हता.

"म्हणजे सूचना खोटीच होती," शैलेश हळू म्हणाला.

"पडद्यावर माणूस आलं असतं," सुभेदार म्हणाले, "आणि खाली माणूस होता. नऊ वाजता कळलं असतं."

पुण्याहून फोन आला होता की सातवी खुंटी अहवालातून काढून टाका, बाराऐवजी अकराच लावल्या असं लिहा. शैलेशने ते मला सांगितलं आणि वर म्हणाला, "तुम्ही ठरवा. बंदी मीच घातली होती." मी वही उचलून मेजरांसमोर ठेवली. तिसऱ्या दिवसाच्या अकरा ओळी, बंदीची ओळ, चौथ्या दिवसाचं सगळं. नागनाथमामा दवाखान्यात काय म्हणाले तेही मी तिथेच उभ्याने लिहिलं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा दुसरा रकाना मी मोकळा सोडला.

मेजरांनी सगळं वाचलं, दोनदा. मग ते स्वतः टेकाडावर जाऊन हेडफोन लावून उभे राहिले. परत आले तेव्हा त्यांनी काय ऐकलं ते सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही.

"यंत्र चांगलं आहे," ते म्हणाले. "पण ते कशामुळं बोललं हे तुम्हाला सांगता येत नाही. ज्याचं कारण माहीत नाही ते मी जवानाच्या हातात देऊ शकत नाही. आणि बोलणाऱ्याचं तोंड बांधून मला दाखवलंत, हे तर अजिबात चालणार नाही." त्यांनी कागदावर लिहिलं, परत पाठवावे. सही करून टोपी घातली. जाताना ते सुभेदारांना म्हणाले, "तुम्ही खाली उतरलात ते बरं केलंत."

शैलेशने खुंट्या एकट्याने उपटल्या, कुणाला मदत करू दिली नाही. सातवी काढायला सर्वांत जास्त वेळ लागला. जमीन भुसभुशीत होती, तरी.

परतल्यावर

यंत्र पुन्हा भट्टीत, पुन्हा पाण्यात, पुन्हा पहिल्यापासून. शैलेश आता कुठल्याही खुंटीला गप्प बसवत नाही. सुभेदार म्हणतात, उशीर झाला तर होऊ दे. माझ्याशी कार्यालयात दोन जणांनी बोलणं सोडलं होतं, त्यातला एक आता बोलतो.

सुमनचा फोन गेल्या आठवड्यात आला. आण्णांचा पाय जुळला आहे, थोडे लंगडतात. गावाने ठरवून चारही पेवं बुजवली. जेसीबी आणलं होतं. बुजवण्याआधी एकेका पेवाची शिळा काढून आत कंदील सोडला आणि आत कुणी आहे का म्हणून तीन वेळा हाक मारली. कुणी सांगितलं नव्हतं, आपोआपच तसं झालं, ती म्हणाली. पहिल्या तिन्ही पेवांत हाका मारल्या. काही नव्हतं, तळाला मूठभर काळी पडलेली ज्वारी, बस.

"आन् चौथं, आण्णा पडले ते?" मी विचारलं. मीही तिच्यासारखंच बोलून गेले.

फोनवर वारा ऐकू येत होता. ती अंगणात उभी असावी.

"चौथ्याला आण्णा आडवे आले," सुमन म्हणाली. "हाक मारू नका म्हणले. आतनं ओ आली तर मग बुजवता यायचं न्हाय."

"मग?"

"मग न्हाय मारली कुणी," ती म्हणाली. "तशीच माती टाकली."